ओटीपी मोठ्याने वाचू नका, आणि पासवर्ड मलाही सांगू नका

बार्शीत एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पाच कॉम्प्युटर, दोन झेरॉक्स मशीन, एक लॅमिनेशनचं. चौदा वर्षं झाली. जून-जुलैत वैराग, पांगरी, भूम, परांड्याहून पोरं सकाळच्या गाडीने येतात आणि परतीची गाडी गाठायच्या घाईत असतात. अकरावीचा प्रवेश, सीईटीनंतरचे ऑप्शन फॉर्म, महाडीबीटी या सरकारी साइटवरची शिष्यवृत्ती, सगळं त्याच दोन महिन्यांत.

रात्री शटर ओढायच्या आधी मी पाचही कॉम्प्युटरचं डाउनलोड फोल्डर उघडते. गेल्या जुलैत एका रात्री एकाच मशीनवर ४१ फाइली निघाल्या. आधार, पासबुकचं पहिलं पान, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, शाळा सोडल्याचा दाखला, कुणाच्या तरी आईचं रेशन कार्ड. एका मुलीने फाइलला नाव दिलं होतं 'आधार न्यू फायनल'. त्याच्याच खाली तिचा फोटो आणि तिची सही, दोन वेगळ्या फाइलींत, नीट कापून ठेवलेल्या. आधार, पासबुक, फोटो आणि सही एका जागी सापडले की तिच्या नावाने कुणीही कसलाही फॉर्म भरायला बसू शकतो. ती तोवर परांड्याला घरी पोहोचलेली होती.

पोरांना वाटतं, माहिती चोरणारा कुणीतरी फार हुशार माणूस लांब कुठेतरी बसलेला असतो. मी रोज जे बघते त्यात माहिती घाईगडबडीत काउंटरवर राहून जाते. म्हणून सुरुवात काउंटरपासूनच करते, आणि त्यात माझं दुकानही आलं.

दुकानातून निघण्याआधी

प्रिंट काढायची म्हणून बहुतेक जण दुकानाच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडतात, फोन पुढे धरून स्कॅन करतात, फाइल घेतात आणि उठतात. तुमचं व्हॉट्सॲप तिथे उघडंच राहतं. मागून बसणाऱ्याला तुमचे घरचे ग्रुप, मैत्रिणीशी झालेलं बोलणं, आलेले फोटो, सगळं दिसतं. याचा उपाय तुमच्याच फोनमध्ये आहे. व्हॉट्सॲप उघडा, वरचे तीन ठिपके दाबा, 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जा. तिथे जे काही दिसेल त्यावर बोट ठेवून लॉग आउट करा. गाडीत बसल्यावर आठवलं तरी चालतं, घरी जाऊन केलं तरी चालतं. हे वाचताना आत्ताच बघा. दोन-दोन महिन्यांपूर्वीची नावं तिथे निघालेली मी पाहिली आहेत.

दुकानाच्या नंबरवर फाइल पाठवली असेल तर पुढचं नीट ऐका. तुम्ही तुमच्याकडून 'सगळ्यांसाठी डिलीट' केलंत तरी कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेली प्रत तशीच राहते. तेव्हा प्रिंट हातात आली की तिथेच उभं राहा आणि म्हणा, "ताई, फाइल डिलीट करा, मी थांबतो." नुसतं डिलीट केलं तर ती रिसायकल बिनमध्ये जाऊन पडते. शिफ्ट धरून डिलीट दाबलं की तिथे न जाता थेट पुसली जाते. हे सांगताना लाजायचं कारण नाही. जो दुकानदार यावर रागावतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

जीमेल किंवा महाडीबीटी उघडल्यावर ब्राउझर विचारतो, पासवर्ड सेव्ह करू का. तिथे 'नेव्हर' दाबा. आणि शक्यतो सुरुवातच इन्कॉग्निटो खिडकीत करा, म्हणजे काय उघडलं त्याची नोंद ब्राउझर ठेवत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एन एकदम दाबलं की ती उघडते. काम झालं की लॉग आउट करा आणि तिथल्या सगळ्या खिडक्या बंद करा. उतरवलेल्या फाइली मात्र इन्कॉग्निटोतही कॉम्प्युटरवरच राहतात, त्या हातानेच पुसाव्या लागतात.

आता खराब झालेल्या झेरॉक्सबद्दल. वाकडी आलेली, काळी आलेली प्रत पोरं काउंटरवर टाकून जातात. ती रद्दीत जाते. चार वर्षांपूर्वी मी स्टँडवर दहा रुपयांचे शेंगदाणे घेतले, तर पुडी एका मुलाच्या दहावीच्या गुणपत्रिकेची होती. त्याचं नाव, आईचं नाव, बैठक क्रमांक, सगळं वाचता येत होतं. शेंगदाणे तसेच हातात राहिले. त्या दिवसापासून माझ्या दुकानात खराब प्रत फाडल्याशिवाय टोपलीत पडत नाही. तुम्ही मात्र ती दुकानदारावर सोडू नका, बरोबर घेऊन जा.

जी चांगली प्रत कॉलेजला, क्लासला किंवा खोलीमालकाला देणार आहात, तिच्यावर पेनाने आडवं लिहा: कशासाठी, कुणाला, कोणत्या तारखेला. कोपऱ्यात लिहू नका, कोपरा कापता येतो. मजकुराच्या अंगावरून जाऊ द्या, फक्त नंबर आणि नाव वाचता आलं पाहिजे. सही त्याच ओळीला चिकटून करा.

आधारचं कार्ड कुठे पूर्ण, कुठे झाकलेलं

आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या साइटवरून 'मास्क्ड आधार' मिळतं. त्यात बारापैकी पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चार दिसतात. आधार नंबर आणि ओटीपी टाकून आत गेलं की डाउनलोड करतानाच तिथे बारीक चौकोन असतो, त्यावर खूण करायची. साइटचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन'ने संपतो एवढं आधी बघा. मेस, हॉस्टेल, अभ्यासिका, क्लास, खोलीमालक यांना हेच द्या. शिष्यवृत्तीच्या अर्जात नंबर पूर्ण लागतो, कारण पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात. तो तिथे स्वतःच्या हाताने टाका.

एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण दचकतो. आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून ती सुरक्षित आहे, असं सगळ्यांना वाटतं. तो पासवर्ड म्हणजे तुमच्या नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं, कॅपिटलमध्ये, आणि पुढे जन्मसाल. सगळ्यांचा याच पद्धतीचा. ज्याच्या हाती तुमचा शाळा सोडल्याचा दाखला पडला, त्याला हे दोन्ही कळलं. म्हणजे ती पीडीएफ उघडीच धरून चाला. व्हॉट्सॲपवर ग्रुपमध्ये टाकू नका, वर्गाच्या प्रतिनिधीला 'सगळ्यांची गोळा करून दे' म्हणून पाठवू नका. कॉलेजचं काम असेल तर कॉलेजच्या कार्यालयात स्वतः द्या.

त्याच साइटवर बोटांचे ठसे लॉक करायची सोय आहे. आधारला जोडलेल्या खात्यातून नुसत्या अंगठ्यावर पैसे काढता येतात, गावातल्या केंद्रांवर तसे रोज काढले जातात. ठसा लॉक असला की तो चालत नाही. ओटीपी मात्र नेहमीसारखा येत राहतो. नवीन सिम घ्यायचं असेल तेव्हा थोडा वेळ उघडायचं, काम झालं की परत लॉक. दोन मिनिटांचं काम आहे.

वही

माझ्याकडे २०० पानी वही होती. विद्यार्थ्याचं नाव, युजर आयडी, पासवर्ड, मोबाइल. पोरं पासवर्ड विसरायची, मग माझ्याकडे यायची, मी वहीत बघून सांगायची. पासवर्डही मीच ठरवायची: नाव, मग ॲट, मग १२३. पोरांची सोय होते असं मला मनापासून वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी पांगरीकडचा एक मुलगा आला. त्याच्या नावावर दोन मोबाइल नंबर निघाले होते, जे त्याने कधी घेतलेच नव्हते. कागद कुठून गेले ते अखेरपर्यंत कळलं नाही. त्याने तीन-चार ठिकाणी दिले होते, त्यात माझं दुकानही होतं. माझ्याकडून गेले नाहीत, असं मला छातीठोकपणे त्याला सांगता येईना. वही ड्रॉवरमध्ये असायची, ड्रॉवरला कुलूप नव्हतं, आणि दुपारी जेवायला गेले की दुकानात मदतीला ठेवलेली पोरं बसायची. त्या रात्री मी ती वही चुलीत घातली.

तेव्हा तुमचा पासवर्ड तुम्ही ठरवा आणि तुम्हीच टाइप करा. मी हल्ली कीबोर्ड पोरांकडे फिरवते आणि तोंड दुसरीकडे करते. पासवर्ड लांब हवा. घरातलं एखादं वाक्य घ्या जे तुम्हालाच सुचेल, आजीच्या परसात शेवग्याची तीन झाडं होती असलं काहीतरी, आणि ते इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. जन्मतारीख, मोबाइल नंबर, गावाचं नाव नको. जीमेलचा पासवर्ड इतर कुठेही वापरू नका, कारण बाकी सगळ्या खात्यांचे विसरलेले पासवर्ड बदलायची सोय जीमेलवरच येते. लक्षात राहत नसेल तर घरी कागदावर लिहून ट्रंकेत ठेवा. पासवर्ड कागदावर लिहू नये असं बरेच जण सांगतात, मला ते पटत नाही. घरातल्या ट्रंकेपर्यंत पोहोचणारी माणसं मोजकी असतात, दुकानातल्या वहीपर्यंत कुणीही पोहोचतं.

तुमचं जीमेल दहावीत कुणी दुकानदाराने किंवा सरांनी काढून दिलं असेल, तर आज एक तपासा. गूगल अकाउंटमध्ये 'सिक्युरिटी' उघडा आणि रिकव्हरीचा फोन नंबर कुणाचा आहे ते बघा. दुसऱ्याचा असेल तर लगेच बदला. तिथेच 'युवर डिव्हाइसेस'मध्ये कुठल्या कुठल्या मशीनवर तुमचं खातं उघडं आहे ते दिसतं. ओळखीचं नाही ते काढून टाका. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खात्री, तीही तिथेच चालू करा. व्हॉट्सॲपमध्ये ते सेटिंग्जच्या 'अकाउंट'मध्ये असतं, सहा आकडी पिन ठेवायचा.

आणि ऑप्शन फॉर्म. कॉलेजांचा पसंतीक्रम लॉक करायच्या क्षणी पासवर्ड फक्त तुमच्याकडे असला पाहिजे. 'मी प्रवेश करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला लॉगिन दिलं तर क्रम तो ठरवतो. लॉक केल्यावर तारखेसह प्रिंट काढा आणि जपून ठेवा.

वडिलांचा फोन

यावर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण चूक आपण सगळे मिळून करतो.

आधारला नंबर वडिलांचा असतो. वडील सोयाबीनच्या पेरणीवर. मुलगी दुकानात बसून फोन लावते, "अप्पा, आत्ता एक मेसेज आला बघा, त्यातला नंबर सांगा लवकर, वेळ संपतोय." अप्पांना मेसेज उघडायला वेळ लागतो. पहिला ओटीपी वाया जातो. दुसऱ्या वेळी ते धापा टाकत सहा आकडे सांगतात आणि मुलगी ते मोठ्याने म्हणत टाइप करते. मागे आठ जण उभे असतात.

त्या पाच मिनिटांत आपण अप्पांना काय शिकवलं? फोन येतो, समोरचा घाई करतो, मेसेजमधला नंबर वाचून दाखवायचा. तीन महिन्यांनी दुपारी त्यांना फोन येतो: "तुमच्या मुलीची शिष्यवृत्ती अडकली आहे, आत्ता एक नंबर आला असेल तो सांगा." मुलीचं नाव बरोबर, कॉलेज बरोबर, योजनेचं नाव बरोबर. अप्पा सांगून मोकळे होतात. आपणच त्यांना तशी सवय लावलेली असते.

म्हणून माझी विनंती आहे. अठरा पूर्ण झाली असतील आणि स्वतःचं सिम असेल तर आधारला स्वतःचा नंबर जोडून घ्या. ते होईपर्यंत घरी एक नियम करा. ओटीपी फक्त मुलाच्या किंवा मुलीच्या स्वतःच्या नंबरवरून फोन आला तरच, आणि आकडे सांगण्याआधी पूर्ण मेसेज वाचायचा. "हा कशाचा मेसेज आहे?" असं तुम्हीच अप्पांना विचारा. आधारचा आहे, महाडीबीटीचा आहे, की बँकेतून पैसे काढायचा आहे, ते त्या मेसेजमध्येच लिहिलेलं असतं. त्यांना इंग्रजी वाचता येत नसेल तर ओटीपीचं काम असेल त्या दिवशी तो फोनच बरोबर घेऊन या. एक दिवस अप्पांची फोनशिवाय अडचण होईल, पण ती परवडली. शिवाय घरचा एक परवलीचा शब्द ठरवा, बाहेर कुणाला ठाऊक नसलेला. हल्ली आवाजाचीही नक्कल करता येते. "मी संकटात आहे, पैसे पाठवा" असा फोन आला तर घरच्यांनी आधी तो शब्द विचारायचा.

शिष्यवृत्तीचं साधं गणित घरी समजावून सांगा. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात आपोआप जमा होतात. त्यासाठी कुणाला फोनवर ओटीपी लागत नाही, फी लागत नाही, आणि पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन तर कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. २०२५ पासून कंपन्या आणि सरकारी खात्यांकडून येणाऱ्या मेसेजच्या नावाच्या शेवटी एक अक्षर असतं: सरकारी मेसेजला जी, बँकेच्या व्यवहाराला टी, जाहिरातीला पी. साध्या दहा आकडी नंबरवरून 'सरकारी' मेसेज आला तर तो सरकारी नाही.

व्हॉट्सॲपवर 'शिष्यवृत्ती यादी' किंवा 'लग्नपत्रिका' म्हणून फाइल आली, तर उघडण्याआधी तिच्या नावाचा शेवट बघा. शेवटी एपीके असेल तर ती यादीही नाही आणि पत्रिकाही नाही, ते ॲप आहे. फोनमध्ये शिरून ते मेसेज वाचतं आणि ओटीपी परस्पर पाठवतं. चुकून बसवलंच असेल तर आधी एअरप्लेन मोड चालू करा, वाय-फाय बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. ते ॲप काढून टाका. फोन पूर्ण रिसेट केल्याशिवाय त्यावर बँकेचं काम करू नका.

खातं भाड्याने

हे थोडक्यात सांगते, पण कडक सांगते. हॉस्टेलवर कुणीतरी म्हणतं, "तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार मिळतील." एटीएम कार्ड, पासबुक आणि सिम एकत्र मागतात. त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरवले जातात आणि पोलीस सगळ्यात आधी ज्याच्या नावाचं खातं त्याच्या दारात येतात. एक आई माझ्याकडे कागदांच्या झेरॉक्स काढायला आली होती. मुलाचं खातं गोठवलेलं, त्यात शिष्यवृत्ती अडकलेली, आणि चौकशीची नोटीस दुसऱ्या राज्यातून. मुलगा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. ती बाई काउंटरला धरून उभी होती, मी तिला खुर्ची दिली. खातं, सिम, कार्ड यांतलं काही कुणालाही द्यायचं नाही, जिवलग मित्रालाही नाही. टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करायचे पैसे देतो म्हणणारे आधी थोडे पैसे देतात आणि मग भरायला लावतात. तिकडेही जाऊ नका.

फोटोवरून धमकी आली तर

मुलींनो, आणि मुलांनोही, कारण मुलांनाही येते आणि ती सांगत नाहीत. पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी थांबत नाही. चॅट पुसू नका. समोरच्याचं प्रोफाइल, नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, मग ब्लॉक करा. त्याच दिवशी घरातल्या किंवा कॉलेजमधल्या एका मोठ्या माणसाला सांगा. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या साइटवर महिला आणि मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. अठराच्या आतल्यांसाठी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे. फोटो पसरू नये म्हणून अठराच्या वरच्यांसाठी 'स्टॉप एनसीआयआय' आणि आतल्यांसाठी 'टेक इट डाउन' अशा साइट आहेत. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्याची एक आकड्यांची खूण तयार होते आणि ती खूण पाहून सहभागी कंपन्या तो फोटो अडवतात. चेहरा जोडून केलेला खोटा फोटो असला तरी तक्रार होते.

आईवडिलांना एकच सांगते: पोरीने सांगितलं तर तिचा फोन काढून घेऊ नका. फोन जाईल या भीतीनेच त्या गप्प बसतात.

पैसे गेले किंवा फोन गेला

पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. सकाळी बँक उघडल्यावर बघू असं म्हणू नका. पैसे पुढच्या खात्यात असेपर्यंतच ते रोखता येतात. फोन लागला नाही तर वर सांगितलेल्या सायबरक्राइमच्या साइटवर तक्रार करा. जवळ एवढं ठेवा: बँकेचं नाव, खाते क्रमांक, व्यवहाराची वेळ आणि रक्कम, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि बारा आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक. तो यूटीआर ॲपमधल्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. तक्रारीचा नंबर मिळेल तो लिहून घ्या, पोलीस ठाण्यात आणि बँकेत तोच विचारतात.

फोन हरवला तर आधी सिम बंद करून घ्या, मग पोलिसांत तक्रार, मग संचार साथी या सरकारी साइटवर आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा स्वतःचा नंबर, टाकून फोन ब्लॉक करा. तो नंबर फोन हातात असतानाच काढून ठेवावा लागतो. स्टार, हॅश, ०, ६, हॅश दाबा, पंधरा आकडे दिसतील, ट्रंकेतल्या त्याच कागदावर लिहा.

संचार साथीवरच तुमच्या नावावर किती सिम आहेत तेही दिसतं. मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकला की यादी येते. जो नंबर तुमचा नाही त्यापुढे 'नॉट माय नंबर'वर खूण करायची. पांगरीच्या त्या मुलाने हेच केलं होतं. आता तो दर परीक्षेच्या फॉर्मला येतो, स्वतःच्या फोनवर यादी उघडतो आणि मला दाखवतो. परवा आला तेव्हा यादीत एकच नंबर होता, त्याचा स्वतःचा.